दोघांनी नाकारलेली बरोबरी

"काय हो, गेले ते एका स्कूटरवर, आणि परत आले ते एक स्कूटरने, एक बसने. झालं तरी काय?"

सोमवारी सकाळी मेथीची जुडी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून वहिनींनी सरळ विषयालाच हात घातला. मी तारेवर कपडे टाकत होते. हाच प्रश्न मला त्यांना विचारायचा होता, म्हणून बादली खाली ठेवली आणि भिंतीपाशी गेले.

आमची ही भिंत छातीएवढी. तिच्यावरून खडकी बाजारातले भाजीचे भाव जातात, लोणावळा लोकल चुकल्याच्या तक्रारी जातात, कैरीचं लोणचं जातं. पण अलीकडे सगळ्यात जास्त जातं ते बुद्धिबळ. वहिनींचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, आणि आमचे हे, दोघंही दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. कारखाना १८६९ सालापासूनचा. त्याच्या भोंग्यावर दोघांची उभी हयात गेली. नोकरी सुटली तसा भोंगा सुटला, आणि घड्याळाच्या धाकाशिवाय दोघांना करमेना. मग त्यांनी दुसरं घड्याळ शोधलं. दोन तबकड्यांचं, बुद्धिबळाचं.

"बसने आमचे हे आले," मी म्हणाले. "म्हणाले, डोकं तापलं होतं, जरा मोकळी हवा हवी होती."

"कोथरूडहून खडकीपर्यंत रविवारच्या बसमध्ये मोकळी हवा?" वहिनींनी मेथीची काडी मोडली. "आमचे हे सांगतात, मी स्कूटर लावून थांबलो होतो, त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

म्हणजे प्रकरण डावातलंच होतं. कोथरूडच्या एका मंगल कार्यालयात तीन दिवसांची रेटिंग स्पर्धा होती. सात फेऱ्या. प्रत्येकाला दीड तास आणि प्रत्येक चालीमागे तीस सेकंद जास्तीचे. त्यामुळे एखादा डाव चार-चार तास चालतो आणि डबा गार होतो तो होतोच. ही स्पर्धा स्विस पद्धतीची. तिच्यात बाद कुणी होत नाही. प्रत्येक फेरीत सारख्या गुणांची माणसं एकमेकांसमोर बसवतात. ही पद्धत नातं बघत नाही, शेजार बघत नाही. आजवर दोघं कसे कोण जाणे एकमेकांसमोर आलेच नव्हते. एक चार गुणांवर असला की दुसरा तीनवर. यंदा मात्र शेवटच्या फेरीआधी दोघांचेही चार गुण, आणि भिंतीवर लावलेल्या यादीत एकाच ओळीत दोघांची नावं. पांढरी भाऊजींकडे, काळी आमच्या ह्यांच्याकडे.

"त्यात तो ज्येष्ठांचा चषक," वहिनी म्हणाल्या. "जो जिंकेल त्याला मिळायचा. आमच्या ह्यांनी तर शोकेसमध्ये जागा करून ठेवली होती. गणपतीची मूर्ती डावीकडे सरकवली."

"आमच्याकडे टीव्हीवरची धूळ पुसून झाली होती."

"आणि मिळाला कुणाला?"

"औंधच्या एका गृहस्थांना. त्यांना साडेपाच... नाही, पाच गुण. ह्या दोघांचे साडेचार-साडेचार."

वहिनी हसल्या, मग आत कुणी ऐकत नाही ना ते पाहून परत हसल्या. "तरी बरं, आमच्या ह्यांचं रेटिंग मोठं आहे म्हणून मान आहे. आठवतं ना, पेढे वाटले होते?"

आठवत होतं. २०२४ च्या मार्चमधली गोष्ट. भाऊजींनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, कारण त्यांचं रेटिंग एका रात्रीत ११८० वरून १५०८ झालं होतं. वहिनींना वाटलं, अभ्यासाचं फळ. मी त्या दिवशी काही बोलले नाही, कारण आमच्याकडेही १२४० चे १५४४ झाले होते आणि आमचे हे कुणाला न सांगता आरशासमोर उभे राहून आले होते. खरी हकीकत अशी, की जागतिक संघटनेने, फिडेने, १ मार्च २०२४ ला रेटिंगचा तळच १००० वरून १४०० वर उचलला. ज्यांचं रेटिंग २००० च्या खाली, त्यांना २००० ला जितके कमी पडतात त्याचे चाळीस टक्के गुण एकदाच बहाल केले. भाऊजींना ८२० कमी पडत होते, म्हणून ३२८ मिळाले. खालच्या सगळ्यांचीच अशी उचल झाली. पेढे खाताना मात्र हे कुणी सांगायचं नसतं.

"बरं, पण डावात घडलं काय?" मी मुद्द्यावर आले.

"आमचे हे म्हणतात, हरत आलेला डाव एका घोड्यावर वाचवला. रात्री जेवताना सांगत होते, १८१७ साली ह्याच खडकीत बापू गोखल्यांचे घोडे दलदलीत रुतले, पण माझा घोडा बरोब्बर वेळेला कामी आला."

भाऊजींना ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई मधे आणल्याशिवाय भाताचा घास उतरत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आमच्या घरात मी ऐकलेली गोष्ट भलतीच होती.

"आमचे हे म्हणतात, डाव जिंकलेलाच होता. पण शेजारी माणूस, रोज तोंड बघायचं. म्हणून दिली बरोबरी."

"दिली?" वहिनींची मेथी थांबली.

"दिली म्हणे. शेजारधर्म."

"अहो, मग बसने का आले? शेजारधर्म पाळणारा माणूस स्कूटरवर मागे बसून येतो!"

ह्यावर मला उत्तर सुचेना. खरं तर रात्री ह्यांनी आणखीही काही सांगितलं होतं, ते मी राखून ठेवलं होतं. पण आता भिंतीवर सगळंच मांडायची वेळ आली. "ते म्हणाले, प्याद्याला नुसता हात लागला. चुकून. तर भाऊजींनी घड्याळ थांबवलं आणि पंचांना बोलावलं. इतकी वर्षं एका खात्यात काम केलं आणि एका प्याद्यासाठी पंच बोलावतो!"

"लागला म्हणजे लागला," वहिनी बाणेदारपणे म्हणाल्या. नवऱ्याची चूक घरात काढायची आणि भिंतीवर झाकायची, हा दोन्ही बाजूंचा नियम आहे.

तेवढ्यात माझी मुलगी दात घासत बाहेर आली. ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळते, त्यामुळे बापाबद्दल तिला फारसा आदर नाही. "काकू, बरोबर आहे काकांचं," ती तोंडातला फेस सावरत म्हणाली. "आपली चाल असताना आपल्या मोहऱ्याला मुद्दाम हात लावला तर तेच खेळावं लागतं. घरात नीट बसवायचं असेल तर आधी 'ॲडजस्ट' म्हणायचं, मग हात लावायचा. बाबा हात लावल्यावर म्हणाले असणार."

"पण चुकून लागला असेल तर?"

"चुकून लागणं म्हणजे शर्टाची बाही लागणं. चिमटीत धरून उचललं, तर ते चुकून नाही. आणि काकांनी लगेच तक्रार केली तेही बरोबर. स्वतः पुढची चाल करायला मोहऱ्याला हात लावला असता तर तक्रारीचा हक्कच गेला असता. ते हात मांडीवर ठेवून बसले असतील."

"बसले होते," वहिनी म्हणाल्या. "तसंच सांगितलं."

"मग पंच काय करणार बिचारे?" असं म्हणून ती चूळ भरायला गेली.

आता कुणाचं खरं, हा प्रश्न काही सुटला नव्हता. हात लागला हे दोघंही कबूल करत होते. पण हात लागला म्हणून जिंकलेला डाव गेला, की डाव आधीच गेला होता? मला आठवलं, धुवायच्या आधी ह्यांच्या शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद सापडला होता. डावाचा कागद. दोघांनाही आपापल्या आणि समोरच्याच्या सगळ्या चाली लिहाव्या लागतात. वेळ संपत आली की काही स्पर्धांत लिहिण्यातून सूट मिळते. पण चालीमागे तीस सेकंद मिळत असतील तर शेवटच्या चालीपर्यंत लिहावंच लागतं. वरची प्रत पंचांकडे जाते, खालची कार्बनची खेळाडूकडे राहते.

"वहिनी, भाऊजींचा कागद आहे?"

"आहे म्हणजे? फाइल आहे! तारखेवार. कारखान्यातले तपासणीचे कागद लावायची सवय, ती सुटते होय?"

दोघंही नवरे सकाळच्या फेरीला रेंजहिल्सच्या बाजूला गेले होते, अर्थात वेगवेगळे. वहिनी फाइल घेऊन आल्या. मी कागद आणला, मुलीने पट आणला, तो चुंबकाचा, घडीचा. भिंतीचा माथा रुंद आहे, त्यावर मांडला. पण मांडून करायचं काय? वहिनींना घोडा अडीच घरं जातो एवढंच माहीत. मला त्याहून थोडं जास्त. तेव्हा वहिनींनी आतून खुर्ची आणली आणि सासूबाईंना बाहेर आणलं.

आजींबद्दल सांगायला हवं. त्यांचं माहेर सांगलीचं. सांगली म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव. नूतन बुद्धिबळ मंडळाने तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुलं पटावर बसवली. आजींचे भाऊ तिथे जायचे, आणि घरी येऊन जे खेळायचे ते आजी स्वयंपाकघराच्या दारातून पाहायच्या. त्या कधी कुठली स्पर्धा खेळल्या नाहीत. भाऊजींना घोडा कसा जातो हे शिकवलं ते मात्र त्यांनीच.

"वाच गं," आजी मुलीला म्हणाल्या, आणि त्यांचं बोट पटावर गेलं.

मुलगी वाचत गेली, आजी मोहरी सरकवत गेल्या. भाऊजींनी लंडन पद्धत खेळली होती. "म्हणजे समोरचा काहीही खेळो, आपण त्याच सात-आठ चाली खेळायच्या," मुलीने आम्हाला समजावलं. "यूट्यूबवर बघून आजकाल सगळे हेच खेळतात." ह्यांनी काळ्या घरांचा उंट पुढे आणून भाऊजींच्या तशाच उंटाशी मारामारी केली. दोन्ही काळ्या घरांचे उंट गेले. ह्यांच्याकडे पांढऱ्या घरांचा उंट उरला.

"हे लक्षात ठेवा," आजी म्हणाल्या.

विसाव्या चालीनंतर भाऊजींचा जोर वाढला. वजीर आणि हत्ती आमच्या राजावर रोखलेले. अठ्ठाविसाव्या चालीपाशी मुलगी थांबली आणि खुदकन हसली.

"आई, इथे बघ. बाबांच्या कागदावर चालीपुढे बरोबरचं चिन्ह आहे. काकांच्या कागदावरही आहे, त्याच चालीला."

"म्हणजे काय?"

"म्हणजे इथे बाबांनी बरोबरी मागितली. चाल करायची, बरोबरी विचारायची, मग घड्याळ दाबायचं, आणि दोघांनी कागदावर हे चिन्ह काढायचं. नियमच आहे."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मेथीकडे पाहिलं.

"आणि काकांनी नाही म्हटलं," मुलगी म्हणाली. "कारण पुढची चाल आहे."

तर शेजारधर्म अठ्ठाविसाव्या चालीलाच पदर पसरून उभा होता, आणि भाऊजींनी त्याला दारातून परत पाठवलं होतं. चषक समोर दिसत असताना कोण बरोबरी घेतो? पण जोर आहे म्हणून माणूस थोडा जास्तच जोर करतो. तेहतिसाव्या चालीला भाऊजींनी राजावर तुटून पडताना एक प्यादं देऊन टाकलं, मग दुसरं वाचवता आलं नाही. वजीर गेले, हत्ती गेले. चाळिसाव्या चालीनंतर पटावर राहिलं ते एवढं: भाऊजींकडे राजा, घोडा आणि एक प्यादं, आमच्याकडे राजा, पांढऱ्या घरांचा उंट आणि दोन प्यादी, एक अगदी डाव्या काठाचं आणि एक उजवीकडचं.

"म्हणजे आमचे हे खरंच जिंकत होते," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढलाच असावा.

"होते," आजी म्हणाल्या. "चव्वेचाळिसावी वाच."

चव्वेचाळिसाव्या चालीला भाऊजींचं ते एकुलतं प्यादं मारायची संधी होती. ते ह्यांना दोन तऱ्हांनी मारता येत होतं: काठाच्या प्याद्याने, किंवा उंटाने. ह्यांनी उंटाने मारलं.

आजींनी उंट परत जागेवर ठेवला आणि काठाच्या प्याद्याने मारून दाखवलं. "असं मारलं असतं, तर प्यादं काठावरून एक घर आत आलं असतं. मग काळजीच नव्हती. उंटाने मारलं, आणि प्यादं काठालाच राहिलं."

"त्याने काय बिघडलं?" वहिनींनी विचारलं. त्या आता मेथी पूर्ण विसरल्या होत्या.

आजींनी पट रिकामा केला. कोपऱ्यात पांढरा राजा ठेवला, समोर काळा राजा, काळ्यांचा उंट आणि काठाचं प्यादं. "हा उंट पांढऱ्या घरांवरून फिरतो. प्यादं जिथे वजीर होणार ते कोपऱ्यातलं घर काळं. राजा एकदा त्या घरात जाऊन बसला की हा उंट त्याला तिथून हुसकावू शकत नाही. प्यादं पुढे आलं की राजा कोंडला जातो. शह नाही, आणि चालायला घर नाही. डाव बरोबरीत. एक अख्खा उंट आणि एक प्यादं जास्त असूनसुद्धा."

मी दोनदा करून पाहिलं. खरंच. राजा कोपऱ्यात घुटमळत राहतो आणि काही म्हणता काही होत नाही.

अशा ठरीव स्थितींची पुस्तकं आपल्याकडे नवी नाहीत. १८१४ साली, म्हणजे खडकीच्या लढाईच्या तीनच वर्षं आधी, तिरुवेंगडाचार्य शास्त्री नावाच्या पंडिताचं एक पुस्तक मूळ संस्कृतातून इंग्रजीत होऊन मुंबईत छापलं गेलं. ते मुख्यतः अशाच अडचणीच्या स्थितींचं आहे, शिकणाऱ्याची तयारी व्हावी म्हणून काढलेलं. दोनशे वर्षं झाली, तरी आमच्या गल्लीतले खेळाडू सुरुवातीच्या चाली पाठ करतात आणि शेवटाकडे ढुंकून पाहत नाहीत. सुरुवातीला सगळी मोहरी असतात, चुकलं तरी झाकून जातं. शेवटी झाकायला काही उरत नाही.

"आणि तो हात लागला ते?" मी विचारलं. आमच्या घराची अब्रू आता त्या एका प्याद्यावर टेकली होती.

"त्याआधी एकोणपन्नासावी," मुलगी म्हणाली. "परत बरोबरचं चिन्ह. ह्या वेळी काकांनी बरोबरी मागितली."

"आणि?" वहिनी.

"बाबांनी नाही म्हटलं."

आता मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मेथीकडे पाहिलं. हरत आलेला डाव घोड्यावर वाचवणाऱ्या वीराने त्याआधी हळूच तह मागितला होता, ही गोष्ट जेवणाच्या ताटावर आली नव्हती.

बावन्नाव्या चालीला तो प्रसंग झाला. ह्यांनी उजवीकडच्या प्याद्याला हात लावला. पंच आले, प्यादं खेळावं लागलं, भाऊजींच्या घोड्याने ते मारलं, ह्यांच्या राजाने घोडा मारला. राहिला उंट, काठाचं प्यादं, आणि कोपऱ्यात जाऊन बसलेला पांढरा राजा.

"हात लागला नसता तर?" मी शेवटचं विचारलं.

आजींनी हात न लागल्याची चाल खेळून दाखवली. ह्यांचा राजा प्याद्याच्या राखणीला आला. भाऊजींच्या घोड्याने तरीही ते प्यादं मारलं, आणि राजाने घोडा मारला. पटावर पुन्हा तेच चित्र. दुसरी एक चाल करून पाहिली, पुन्हा तेच.

"घोड्याला मरायचंच होतं," आजी म्हणाल्या. "प्यादं राखलेलं असो वा नसो. हात लागण्यावर काही नव्हतं. डाव हातातून गेला तो चव्वेचाळिसाव्या चालीला, उंटाने मारलं तेव्हा."

"हे भाऊजींना माहीत होतं?"

"मीच शिकवलंय. अकरा वर्षांचा होता." आजींनी हे सांगताना लेकाची बाजू घेतली नाही. लगेच पुढे म्हणाल्या, "पण त्याला शेवट येतो आणि मधला डाव येत नाही. दोन प्यादी फुकट घालवली. तुझ्या नवऱ्याला मधला डाव येतो, शेवट येत नाही. दोघांचा मिळून एक खेळाडू झाला असता."

पुढच्या चाली पाहिल्या तर हसावं की रडावं कळेना. जिंकणं शक्य नाही हे दिसत असतानाही ह्यांनी एकाहत्तराव्या चालीपर्यंत उंट फिरवला. शेवटी प्यादं पुढे सारलं आणि राजा कोंडला. स्टेलमेट. अठ्ठाविसाव्या चालीला एकाने मागितलेली आणि एकोणपन्नासाव्या चालीला दुसऱ्याने मागितलेली बरोबरी दोघांनीही धुडकावली, आणि एकाहत्तराव्या चालीला दोघांना तीच घ्यावी लागली. मधल्या वेळात चषक औंधला गेला.

"पण रेटिंगचं काय?" वहिनींना आठवलं. "ते तरी वाढलं का?"

मुलीने बोटांवर हिशेब केला. "बाबा १५२०, काका १४८०. चाळीस गुणांचा फरक. असा फरक असला की वरच्याकडून शंभरात छप्पन्न गुणांची अपेक्षा धरतात. बरोबरी म्हणजे पन्नासच. सहा शतांश कमी पडले, त्याला वीसने गुणायचं." तिने पटावरच्या बापाच्या बाजूकडे पाहून सांगितलं, "बाबांचे एक पूर्णांक दोन दशांश गेले. काकांना तेवढेच मिळाले."

"एवढ्यासाठी बस?" वहिनी म्हणाल्या.

"एवढ्यासाठी बस," मी म्हणाले.

"आणि बरोबरी म्हणजे काय कमीपणा आहे का?" मुलगी आता रंगात आली होती. "२०२५ च्या जुलैत बाटुमीला महिला विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी. मोठ्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत. मग जलद डाव, त्यातलाही पहिला बरोबरीत. चौथा डाव दिव्याने जिंकला, २८ जुलैला, आणि एकोणिसाव्या वर्षी विश्वचषक आणि ग्रँडमास्टर किताब एकदमच घेतला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात महिलांची ग्रां प्री झाली, त्यात हंपी आणि चीनची झू जिनेर दोघींचे नऊपैकी सात गुण. टायब्रेकवर हंपी पहिली. कुणी रागावून बसने गेलं नाही."

वहिनी हसल्या आणि आजींकडे वळल्या. "तुम्ही का नाही हो खेळलात कधी? ह्या दोघांना हरवलं असतंत."

"कोण खेळवणार होतं?" आजी म्हणाल्या, तक्रार न करता. "बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली १९७४ साली. ती जिंकली वासंती खाडिलकरने, मुंबईच्या. तिच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी, त्याही पुढे विजेत्या झाल्या. तोवर माझ्या घरात मुलं शाळेत जात होती. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली, तर केवढी आरडाओरड झाली. शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे ह्यांनी सांगितलं, बाईला अशा स्पर्धेत मज्जाव करता येणार नाही. ते मी पेपरात वाचलं होतं. खूप बरं वाटलं होतं."

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग आजींनी पट पुन्हा मांडायला घेतला. "आता चषक वगैरे काही नको. पण पुढच्या स्पर्धेत ज्येष्ठांमध्ये बायकांना घेतात का, विचार गं."

"घेतात की आजी, सगळ्यांनाच घेतात," मुलगी म्हणाली. "फी भरायची आणि फोन बंद करून बाहेर ठेवायचा. फोन खिशात सापडला तर डाव जातो."

"माझ्याकडे फोन नाहीच," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी पहिलं प्यादं दोन घरं पुढे टाकलं.

दोघंही नवरे फेरी मारून परतले तेव्हा भिंतीवर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते, अठ्ठाविसावी आणि एकोणपन्नासावी चाल लाल पेनाने गोल करून. दोघांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा आजींकडे. कुणी काही बोललं नाही; पण अर्ध्या तासाने भाऊजी आमच्या ओट्यावर येऊन बसले होते आणि दोघं मिळून चव्वेचाळिसावी चाल दोन्ही तऱ्हांनी खेळून पाहत होते.

आता भिंतीचा निकाल. हौशी खेळाडू डाव खेळतो एक आणि घरी सांगतो दुसराच. हरला तर हात लागलेला असतो, जिंकला तर घोडा कामी आलेला असतो, आणि बरोबरी झाली तर शेजारधर्म. ह्यात लबाडी नसते. चार तास डोकं चालवून आलेल्या माणसाला आपल्या सोयीची गोष्टच आठवते. आम्हा बायकांच्या गप्पांना लोक नावं ठेवतात, पण आमच्या गप्पांना पुरावा नसतो एवढंच. ह्यांच्या गप्पांना पुरावा असतो, चालीगणिक, दोघांच्या हस्ताक्षरात, आणि तरी कुणी तो काढून पाहत नाही.

तेव्हा तुमच्या घरातलं कुणी, नवरा असो, मुलगा असो की सून, स्पर्धा खेळून आलं, तर दारातच "जिंकलास का?" असं विचारू नका. हात-पाय धुऊ द्या, चहा द्या, आणि मग म्हणा, "कागद दाखव." आणि शेजारी कुणी आजी असतील, तर त्यांनाही बोलवा.